लेह ते पोर्ट ब्लेअर: दोन आडबाजूच्या विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ घरबसल्या कसा काढायचा

मुंबई ते दिल्ली किती वेळ लागतो हे कुणीही सांगेल, पण लेह ते पोर्ट ब्लेअर? थेट विमान नाही, तिकिटाच्या साइटवर टाकलं तर दोन थांब्यांचे चित्रविचित्र पर्याय येतात, अंतर तर कुठेच लिहिलेलं नसतं. आणि हा प्रश्न काही हौसेचा नाही. लष्करातल्या माणसाची बदली लेहहून अंदमानला होऊ शकते, घरच्यांना सामान, मुलांची शाळा, सुट्टीचे दिवस सगळं त्या प्रवासाभोवती बसवायचं असतं. म्हणून हीच जोडी धरून पूर्ण हिशोब करून दाखवतो. एकदा पद्धत कळली की जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांना ती चालते, फक्त आकडे बदलायचे.

आधीच एक सांगून ठेवतो. नवीन माणूस अंतर काढतो, विमानाच्या स्पीडने भागतो आणि आलं उत्तर म्हणून थांबतो. मोठ्या शहरांच्या बाबतीत ते जवळपास बरोबर येतं पण आडबाजूच्या विमानतळांच्या बाबतीत नाही, कारण तिथे प्रवास किती वेळाचा हे अंतरापेक्षा तो विमानतळ कधी उघडा असतो, तिथला वारा कसा, तिथे कुठलं विमान उतरू शकतं यावर जास्त ठरतं. तर गणित करूच, पण त्याच्या पुढचंही करू.

सगळ्यात आधी: विमानतळ नक्की तोच आहे ना

नावावर जाऊ नका, कोडवर जा. लेहचा तिकिटावरचा कोड आयएक्सएल, पोर्ट ब्लेअरचा आयएक्सझेड. भारतात आयएक्सने सुरू होणारे कोड भरपूर आहेत (आपलं छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू, जम्मू आयएक्सजे, बागडोगरा आयएक्सबी), एक अक्षर चुकलं की तुम्ही भलत्याच राज्यात. त्यामुळे चार अक्षरी कोडही बघून घ्या, तो वैमानिक आणि एटीसीवाले (जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणारे) वापरतात: लेह व्हीआयएलएच, पोर्ट ब्लेअर व्हीओपीबी. यात दुसऱ्या अक्षरावरून भाग कळतो, आय म्हणजे उत्तर, ओ दक्षिण, ए पश्चिम (मुंबई, पुणे यात येतात) आणि ई पूर्व. झटकन खात्री करायला हे फार उपयोगी आहे.

आणि नावं बदलतात. पोर्ट ब्लेअर शहराचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, विमानतळ मात्र वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे आणि कोड जुनेच आहेत. लेहचा विमानतळ कुशोक बकुला रिंपोचे या नावाने आहे. नकाशात एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा, कोडने शोधलंत तर ही भानगडच नाही.

मग अक्षांश-रेखांश

अवरएअरपोर्ट्स नावाचा खुला डेटा आहे त्यात जवळजवळ सगळे विमानतळ मिळतात, विकिपीडियावरही असतात, नाहीतर गुगल मॅप्सवर रनवेच्या मध्यावर बोट दाबून धरा, आकडे येतील. शहराचे घेऊ नका, विमानतळाचेच घ्या.

लेह: ३४ अंश ८ मिनिटं ९ सेकंद उत्तर, ७७ अंश ३२ मिनिटं ४७ सेकंद पूर्व. पोर्ट ब्लेअर: ११ अंश ३८ मिनिटं २८ सेकंद उत्तर, ९२ अंश ४३ मिनिटं ४७ सेकंद पूर्व.

आता हे दशांशात आणायचं. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने भागा आणि अंशात मिळवा. बरेच जण ९२ अंश ४३ मिनिटं ४७ सेकंद हे सरळ ९२.४३४७ असं लिहून टाकतात, खरं उत्तर ९२.७२९७ आहे, आणि या एका घाईत पोर्ट ब्लेअर बत्तीस-एक किलोमीटर पश्चिमेला समुद्रात सरकतं. दोन दशांश स्थळं आपल्या कामाला पुरतात: लेह ३४.१४ आणि ७७.५५, पोर्ट ब्लेअर ११.६४ आणि ९२.७३.

कागदावरचा सोपा हिशोब

इथे एकच गोष्ट डोक्यात ठेवायची. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानवाले सगळं नॉटिकल मैल आणि नॉटमध्ये मोजतात (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) म्हणून आपणही त्यातच राहू, शेवटी किलोमीटर करू. साध्या मैलाशी घोळ करू नका, तो १.६०९ किलोमीटरचा असतो आणि काही साइट्स नुसतं मैल लिहून मोकळ्या होतात.

उत्तर-दक्षिण फरक: ३४.१४ वजा ११.६४, म्हणजे २२.५० अंश, गुणिले ६०, झाले १३५० नॉटिकल मैल.

पूर्व-पश्चिम फरक: ९२.७३ वजा ७७.५५, म्हणजे १५.१८ अंश. पण रेखांश ध्रुवाकडे एकत्र येत जातात त्यामुळे इथे सरळ ६० ने गुणून चालत नाही, दोन्ही अक्षांशांच्या सरासरीचा कॉस घ्यायचा. सरासरी २२.८९, त्याचा कॉस ०.९२१. मग १५.१८ गुणिले ६० गुणिले ०.९२१, साधारण ८३९.

आता शाळेतला पायथागोरस. १३५० चा वर्ग अधिक ८३९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, येतं १५९०. म्हणजे साधारण २९४५ किलोमीटर. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा केला की कॉसचं बटण येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

नीट उत्तर हवं असेल तर

पृथ्वी गोल आहे त्यामुळे खरं सूत्र वेगळं. पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याचा साइन, अधिक पहिल्याचा कॉस गुणिले दुसऱ्याचा कॉस गुणिले रेखांशातल्या फरकाचा कॉस. जे येईल त्याचा इनव्हर्स कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्यायचा, उत्तर अंशात येतं, त्याला ६० ने गुणायचं.

आपल्या जोडीत पहिला भाग ०.५६१२ गुणिले ०.२०१८, म्हणजे ०.११३. दुसरा ०.८२७७ गुणिले ०.९७९४ गुणिले ०.९६५१, म्हणजे ०.७८२. बेरीज पूर्ण दशांश ठेवून ०.८९५६. इनव्हर्स कॉस घेतला की २६.४२ अंश, गुणिले ६०, १५८५ नॉटिकल मैल, सुमारे २९३५ किलोमीटर.

म्हणजे सोप्या पद्धतीत आणि यात फक्त पाच नॉटिकल मैलांचा फरक! पृथ्वी पूर्ण गोळाही नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, त्यामुळे यातही जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो, तो आपण सोडून देऊ. कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये आहे का ते मात्र आधी बघा. एक्सेलमध्ये करणार असाल तर एक्सेल कोन रेडियनमध्ये मागतो, प्रत्येक अंशाला आधी रेडियन्स फंक्शनमधून काढा आणि शेवटी डिग्रीज फंक्शनने परत आणा. उत्तर वेडंवाकडं आलं की आधी इथेच शोधायचं.

पडताळायला ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, दोन कोड टाकले की अंतर देते, गुगल अर्थमध्ये रूलर आहे. मग हाताने कशाला करायचं? कारण साइटवर चुकीचा कोड टाकला तरी ती मुकाट्याने उत्तर देते, चूक आहे हे ओळखायला आपला ढोबळ आकडा जवळ असावा लागतो. घरात लहान मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा, दोऱ्याची लांबी भागिले गोलाचा घेर गुणिले ४०,००० किलोमीटर. लेह ते पोर्ट ब्लेअर साध्या बारा इंची गोलावर सात सेंटीमीटरच्या आसपास येतं. मुलांना हे करायला फार आवडतं.

सोपी पद्धत कुठे फसते

ध्रुवाजवळ. नॉर्वेचं लाँगइयरब्येन (७८.२५ उत्तर) आणि अलास्कातलं उत्कियाग्विक, ज्याला आधी बॅरो म्हणायचे (७१.२९ उत्तर), ही जोडी घ्या. पायथागोरसने ५०८० किलोमीटरच्या पुढे जातं, गोलाच्या सूत्राने जेमतेम ३३८० येतं, कारण खरा जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जातो आणि मोबाइलमधल्या चपट्या नकाशावर तो दिसतच नाही. तेव्हा ६० अंशांच्या वर गेलात, किंवा अंतर चार-पाच हजार किलोमीटरच्या पुढे गेलं की पायथागोरस बंद, गोलाचं सूत्रच वापरायचं.

दुसरी जागा पॅसिफिकमध्ये. फिजीचं नाडी १७७.४४ पूर्व आणि सामोआची राजधानी आपिया, तिथला विमानतळ १७२.०१ पश्चिम. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे, मग फरक येतो ३४९.४५ अंश. १८० च्या पुढे आलं की ३६० मधून वजा करा, उरतात १०.५५ अंश, आणि अंतर होतं फक्त १२१० किलोमीटरच्या आसपास. तारखेचाही घोळ तिथेच आहे, सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर ही तारीखच वगळली आणि तारीखरेषेच्या पलीकडे गेला, त्यामुळे शेजारच्या अमेरिकन सामोआतल्या पागो पागोशी, जे दीडशे-एक किलोमीटरवर आहे, त्याचा पूर्ण २४ तासांचा फरक पडतो. आपियाहून सोमवारी दुपारी निघालात तर पागो पागोला रविवारी दुपारी उतरता. वेळ काढताना दोन्ही टोकं आधी युटीसीमध्ये (जगभराच्या एकाच प्रमाण वेळेत) आणा, वजाबाकी करा, मग परत स्थानिक वेळेत न्या.

लेह-पोर्ट ब्लेअरला ही कटकट नाही, दोन्हीकडे भारतीय वेळ. पण रेखांशात पंधरा अंशांचा फरक म्हणजे सूर्याच्या हिशोबाने तासाभराचा फरक, अंदमानात थंडीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. उतरल्यावर त्याच दिवशी बोट पकडून पुढच्या बेटावर जायचं असेल तर हे धरून चाला.

आता वेळ

विमान कुठलं, ते आधी. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीचं जेट वरती साधारण ४५० नॉटने जातं, म्हणजे ताशी ८३० किलोमीटर. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान २७५ नॉटच्या आसपास, ताशी ५१०. छोटं ट्विन ऑटर १५० ते १७० नॉट. आडबाजूच्या ठिकाणी हा फरक फार महत्त्वाचा, कारण धावपट्टी छोटी असेल तर जेट उतरूच शकत नाही. लक्षद्वीपच्या अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटर आहे, तिथे कोचीहून एटीआर जातं, ते अंतर २५२ नॉटिकल मैल धरून जेटच्या वेगाने भागलंत तर तुमचं गणित वीसेक मिनिटांनी चुकणार.

माझा नेहमीचा नियम: अंतर भागिले वेग, अधिक ३० मिनिटं. ही तीस मिनिटं जमिनीवर रांगेत चालणं, चढणं, उतरणं, वळसे यासाठी. लेह-पोर्ट ब्लेअर काल्पनिक थेट विमान असतं तर १५८५ भागिले ४५० म्हणजे ३ तास ३१ मिनिटं, अधिक तीस, चार तास. नियमावर विश्वास बसत नसेल तर ओळखीच्या रूटवर करून बघा. मुंबई-दिल्ली ६१४ नॉटिकल मैल, नियमाने १ तास ५२ मिनिटं, वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास दिसेल, कारण मोठ्या विमानतळांवर गर्दी असते आणि कंपन्या मुद्दाम वेळ वाढवून लिहितात. गर्दीच्या प्रत्येक टोकाला दहा मिनिटं जास्त धरलीत की बरोबर जमतं.

वाऱ्याचं काय? थंडीत उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे असतात, पूर्वेला जाणारं विमान लवकर पोचतं आणि परतताना रखडतं. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचे वारे उलट पूर्वेकडून असतात. समजा सरासरी ४० नॉटचा वारा पाठीशी असला तर ४९० ने भागा, ३ तास १४ मिनिटं. तोच समोरून आला तर ४१० ने भागा, ३ तास ५२ मिनिटं. अडतीस मिनिटांचा फरक नुसत्या वाऱ्याचा. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण चिलीतलं सँतियागो ते ईस्टर बेट, साधारण ३७५० किलोमीटर सगळं समुद्रावरून, जाताना वारा समोरून म्हणून साडेपाच तासांच्या आसपास लागतात आणि येताना पाऊण ते एक तास कमी. म्हणून जायचा वेळ काढून परतीचा तोच धरू नका, दोन्ही वेगळे काढा.

शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेले हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रं, लेहसारख्या ठिकाणी दरीतून वळून बाहेर पडणं, या सगळ्याचे पाच टक्के तरी वाढवा. बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र चाचणी असली की नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) निघतो आणि त्या वेळात मार्ग वळवतात. फ्लाइटरडार या विमानं दाखवणाऱ्या साइटवर आधीच्या दिवसांचे मार्ग बघता येतात, तिथे खरं वळण किती आहे ते डोळ्यांनी दिसतं.

खरा प्रवास: तुकड्यातुकड्यांत

थेट विमान नाही तर प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा. मी असं मांडतो.

लेह-दिल्ली ६२० किलोमीटर (३३५ नॉटिकल), सव्वा तास. दिल्ली-कोलकाता १३१३ किलोमीटर, दोन तास पाच मिनिटं. कोलकाता-पोर्ट ब्लेअर १३०६ किलोमीटर, तेवढाच वेळ. एकूण ३२३९ किलोमीटर आणि हवेतले जवळपास साडेपाच तास.

तेच चेन्नईवरून केलं तर ६२० अधिक १७६० अधिक १३७२, म्हणजे ३७५२ किलोमीटर, सहा तास. थेट रेषेपेक्षा कोलकात्याचा रस्ता दहा टक्के लांब, चेन्नईचा अठ्ठावीस टक्के. आणि त्या मोसमात दिल्ली-पोर्ट ब्लेअर सरळ फ्लाइट असेल तर ६२० अधिक २४८९, ३१०९ किलोमीटर, पावणेपाच तास, थांबाही एकच. एवढं मांडल्यावर कुठला पर्याय आधी शोधायचा ते आपोआप कळतं, तिकीट मात्र कधीकधी चेन्नईचंच स्वस्त निघतं, मग सामान आणि सोबत म्हातारी माणसं आहेत का ते बघून ठरवा.

आता मुख्य गोष्ट. लेहचा विमानतळ ३२५६ मीटर उंचीवर आहे, हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपटीपेक्षाही विरळ, त्यामुळे विमानाला उचलायला जास्त धावपट्टी लागते आणि वजन कमी ठेवावं लागतं. दुपारी ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते, डोंगरातले वारेही सुटतात. म्हणून तिथली विमानं सकाळीच येतात-जातात, दुपारी सामसूम. उतरण्याची दिशाही एकच, दुसऱ्या बाजूला डोंगर. थोडक्यात लेहहून तुम्ही सकाळीच निघणार, दिल्लीत दुपारपर्यंत पोचणार, आणि पोर्ट ब्लेअरला जाणारी बरीचशी विमानं पहाटे ते दुपार या वेळात सुटतात, त्यामुळे त्याच दिवशी जोडणी बहुतेक वेळा मिळत नाही. हवेतले साडेपाच तास असले तरी प्रवास एक रात्र आणि दोन दिवसांचा होतो. उलट दिशेलाही तसंच, कारण लेहचं विमान दिल्लीहून पहाटेच सुटतं, आदल्या रात्री दिल्लीत असायलाच हवं. मुक्काम कुठे करायचा? मी कोलकाता किंवा चेन्नई सांगेन, म्हणजे बेटाच्या अगदी आधीचं ठिकाण, कारण पुढे बेटावर जाणारी विमानं कमी आणि ते विमान चुकलं तर दिवस जातो. दिल्लीत थांबणार असाल तर टर्मिनल बघा, टर्मिनल एक आणि तीन एकमेकांपासून लांब आहेत, मधे गाडीने जावं लागतं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर किमान तीन तास मधे ठेवा, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

पोर्ट ब्लेअरचीही एक बाजू समजून घ्या. आजूबाजूला पर्यायी नागरी विमानतळ नाही, हवामान बिघडलं तर विमानाला परत चेन्नई किंवा कोलकात्याला वळावं लागतं, म्हणजे तेरा-चौदाशे किलोमीटर मागे. त्यासाठी इंधन जास्त घेऊन जातात. प्रवाशाच्या दृष्टीने अर्थ असा की जून ते सप्टेंबरचा पाऊस किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरची वादळं या दिवसांत एक पूर्ण दिवस हाताशी मोकळा ठेवा. लेहच्या बाजूला हीच काळजी थंडीत, तिथे बर्फ आणि दिल्लीत डिसेंबर-जानेवारीचं धुकं, दोन्ही एकाच आठवड्यात गाठू शकतात. ड्यूटीवर हजर व्हायची तारीख पक्की असेल तर तिकीट त्या तारखेच्या दोन दिवस आधी पोचेल असं काढा, सुट्टीतला एक दिवस गेला तरी चालेल.

दुसरी कुठली जोडी घेतलीत तर याच क्रमाने जा, कोड, दशांश अंश, ढोबळ अंतर, नीट अंतर, विमानाची जात, वारा, तुकडे, आणि मग दोन्ही टोकांचे उघडे असण्याचे तास. शेवटचं विमानतळाच्या किंवा विमान कंपनीच्या चालू वेळापत्रकातूनच घ्या, ते उन्हाळी आणि हिवाळी असं वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. गेल्या मोसमातल्या स्क्रीनशॉटवर कुणाचंही तिकीट काढू नका.